झाकली मूठ आणि गुणपत्रिका

जून महिन्यातील एका संध्याकाळी जपमाळेची प्रार्थना आटोपून आम्ही कार्यालयाचे दार लावून घेत होतो. इतक्यात आमच्या धर्मग्रामातील एक तरुण आपल्या आईसह ओसरीवर येऊन उभा राहिला. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत सहा सत्रांच्या गुणपत्रिका आणि मोबाईलच्या पडद्यावर नोकरीचा अर्धवट भरलेला अर्ज. मुदत त्याच रात्री बारा वाजता संपणार होती. नोकरी एका खाजगी वित्तसंस्थेतील. अट साधीच होती : वाणिज्य शाखेची पदवी आणि किमान ६० टक्के गुण. मुलाच्या अंतिम गुणपत्रिकेवर मात्र टक्केवारी नव्हती. तेथे दहापैकी ६.३ असे सरासरी श्रेणीगुण छापलेले होते.

“फादर, दहानं गुणलं तर त्रेसष्ट होतात,” तो म्हणाला. “पण मागच्या बाजूला जे सूत्र छापलंय त्यानं साठाच्या आत येतात. मित्र म्हणतात, दहानंच गुण, कोण बघतंय? तुम्ही सांगाल तसं करतो.”

आई काहीच बोलली नाही. दिवाळी झाली की नवऱ्यासोबत ऊसतोडीला जाणारी, उन्हाळ्यात परतणारी ही बाई. घरात पदवीपर्यंत पोहोचलेला हा पहिलाच मुलगा. तिने फक्त आमच्याकडे पाहिले. त्या नजरेत प्रवचनाची अपेक्षा नव्हती. मुलाचा अर्ज जावा एवढेच मागणे होते.

वाचकहो, प्रश्न वरकरणी किरकोळ दिसतो. कोणाचा खून नाही, कोणाची चोरी नाही. एका चौकटीत दोन अंक लिहायचे आहेत, एवढेच. परंतु सर्वसामान्य माणसाच्या सदसद्विवेकबुद्धीची कसोटी मोठ्या रणांगणावर क्वचितच लागते. ती अशाच दोन अंकांच्या चौकटीत लागत असते. आज आमच्या ओसरीवर आलेला प्रश्न उद्या आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात येणार आहे, म्हणून त्याचा नीट विचार करावा असे आम्हांस वाटले.

प्रथम हा मोह एवढा बळकट का, हे समजून घेतले पाहिजे. मराठवाड्यात स्वतःचे विद्यापीठ आले ते १९५८ साली. तोपर्यंत आपल्या भागातील महाविद्यालये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेली होती. जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. ज्या प्रदेशात उच्च शिक्षणाची वाट एवढ्या उशिरा रुळली, तेथे पदवीचा कागद हा केवळ कागद राहत नाही. त्यात आईबापांची हाडे झिजलेली असतात. अशा कागदावरील आकडा चारचौघांत कमी पडू नये असे वाटणे हा दुष्टपणा नव्हे. ती माणसाची लाज आहे, आणि लाजेपोटी माणूस जे करतो ते लोभापोटी केलेल्यापेक्षा ओळखायला कठीण असते.

दुसरी गोष्ट, हा आकडा स्वतःच मोठा फसवा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दहा गुणांच्या श्रेणीपद्धतीत ‘बी’ या अक्षराला ६ गुण आहेत आणि त्याचा अर्थ ‘सरासरीपेक्षा वर’ असा दिलेला आहे. परंतु अर्ज वाचणाऱ्याच्या डोळ्यांना ‘बी’ म्हणजे दुय्यम माल वाटतो. श्रेणीगुणांची टक्केवारी काढण्याच्या रीतीही वेगवेगळ्या. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने दहावीसाठी श्रेणीपद्धती चालवली, तेव्हा ९.५ ने गुणावे असे सांगितले होते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या तक्त्यात ६.२५ म्हणजे ५५ टक्के आणि ६.७५ म्हणजे ६० टक्के धरले आहेत. म्हणजे आमच्या या मुलाचे तेच ६.३ गुण एका हिशेबाने ६३ टक्के, दुसऱ्याने ५९.८५ आणि तिसऱ्याने ५५.५ होतात. मूल एकच, अभ्यास एकच, उत्तरपत्रिका त्याच, आणि आकडे तीन! मग त्यांतला सोयीचा उचलला तर बिघडले कोठे?

बिघडते ते येथे. मोजमाप अनेक असू शकतात. पण ज्याने माप घेतले त्यानेच ते कसे वाचावे हे सांगितले असेल, तर आपल्या सोयीची काठी लावण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही. बँकांच्या भरतीच्या जाहिराती पाहाव्यात. तेथे स्पष्ट लिहिलेले असते की श्रेणीगुणांचे टक्के करून भरावेत, आणि पुढे मुलाखतीच्या वेळी, आपल्या विद्यापीठाचा रूपांतराचा नियम काय आहे याचा दाखला सादर करावा. एवढेच नव्हे, तर अपूर्णांक सोडून दिला जाईल, ५९.९९ म्हणजे ६० नव्हेत, असेही बजावलेले असते. दशांश चिन्हापुढचे दोन नऊ पाहून तरुण हळहळतो. हळहळ समजण्यासारखी आहे. पण ६० हा आकडा त्याच्या कागदावर नाही, हेही तितकेच खरे आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. खरे बोलावे हे आठव्या आज्ञेने आपल्याला लहानपणीच शिकवले. पण खरे किती बोलावे? आपले सर्व उणे आपणच जगापुढे मांडावे काय? आपल्याकडे म्हण आहे, ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’. ही म्हण पापाची शिकवण देते की शहाणपणाची?

सेमिनरीत नीतिशास्त्र शिकत असताना या प्रश्नाशी आमची पहिली गाठ पडली. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने सत्यशीलतेचे स्थान दोन दोषांच्या मध्ये सांगितले आहे. एका बाजूला बढाई, म्हणजे जे नाही ते आहे म्हणून दाखवणे. दुसऱ्या बाजूला स्वतःला उगाच कमी लेखणे, म्हणजे जे आहे ते नाही म्हणून सांगणे. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात हाच विचार पुढे नेला. या दोन्ही गोष्टी सत्याविरुद्ध आहेत, असे त्यांनी दाखवले. मात्र त्यांनी एक सूक्ष्म भेद केला : असत्य बोलणे वेगळे आणि सत्य विवेकाने झाकून ठेवणे वेगळे. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथातही हाच धागा आहे. ज्याला जाणून घेण्याचा अधिकार नाही त्याला सत्य उघड करून सांगण्यास कोणीही बांधलेला नाही.

याचा अर्थ मूठ झाकण्यास मुभा आहे. कोणी आपल्याला एकूण गुण विचारलेच नाहीत, तर स्वपरिचयपत्रात ते न लिहिणे हे असत्य नव्हे. आपण तिसऱ्या सत्रात एका विषयात नापास होऊन पुढे तो सोडवला, ही कथा न विचारता सांगत सुटणे यात कोणतेही पुण्य नाही. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अवतार सिंग यांच्या प्रकरणात जवळपास हाच विवेक केलेला दिसतो. ते प्रकरण गुन्ह्यांविषयीची माहिती दडवण्याचे होते, गुणांचे नव्हे. परंतु त्यात न्यायालयाने म्हटले की विचारलेली माहिती खरी असलीच पाहिजे, ती दडवता कामा नये. आणि दडवल्याचा ठपका ठेवायचा तर मुळात प्रश्न स्पष्ट विचारलेला असला पाहिजे. मोघम प्रश्नाच्या आधारे कोणाला लबाड ठरवता येत नाही.

पण मूठ झाकणे निराळे आणि मुठीत सव्वा लाख आहेत असे सांगणे निराळे. येथे प्रेषितांच्या कृत्यांतील हनन्या आणि सप्पीरा यांची कथा आठवते. त्यांनी जमीन विकली, काही रक्कम मागे ठेवली आणि उरलेली प्रेषितांच्या चरणी आणून ठेवली. पेत्राने त्यांना काय विचारले हे आपण अनेकदा विसरतो. रक्कम मागे का ठेवली, हा त्याचा आक्षेप नव्हता. जमीन त्यांची होती, विकल्यावर पैसाही त्यांचाच होता. ठेवून घेण्यास त्यांना कोणी मना केले नव्हते. दोष हा की त्यांनी अंशाला पूर्ण म्हणून पुढे केले. आमच्या मते अर्ज लिहिणाऱ्या प्रत्येक तरुणाने ही कथा नव्याने वाचावी. केवळ मुख्य विषयांतील गुणांची सरासरी ६८ येत असेल तर ती अवश्य लिहावी. पण ‘मुख्य विषयांत’ हे दोन शब्द गाळून लिहिली, की ती हनन्याची थैली झाली. आकडा खरा, आणि सांगणे खोटे.

“पण मी मनात ‘मुख्य विषयांतले’ असेच म्हणत होतो,” अशी पळवाट कोणी काढील. ही पळवाट फार जुनी आहे. सतराव्या शतकात काही पंडितांनी असे मांडले होते की अर्धे वाक्य ओठांवर आणि अर्धे मनात ठेवले तर ते खोटे ठरत नाही. पोप अकरावे इनोसंट यांनी १६७९ साली हे मत निषिद्ध ठरवले. वाचणाऱ्याला जे दिसते त्यानेच आपले वाक्य तोलले जाते. मनात राखून ठेवलेल्या शब्दांना कागदावर वजन नाही.

आता सर्वांत कठीण आक्षेप. त्या रात्री मुलाने तो आमच्यापुढे ठेवलाच. “फादर, ही साठाची अट तरी न्यायाची आहे का? तिसऱ्या सत्राला मी फडावर होतो. आई आजारी पडली, तिचा कोयता मी धरला. ज्याला तेव्हा पुण्यात शिकवणी होती, त्याचं आणि माझं माप एकच?” आम्ही प्रामाणिकपणे सांगतो, या प्रश्नाला आमच्याजवळ तयार उत्तर नव्हते. अट आंधळी आहे. ६० आणि ५९ यांच्यामध्ये माणसाच्या योग्यतेची कोणतीही भिंत नसते. मग आंधळ्या दाराला चुकीची किल्ली लावून आत शिरले, तर पाप कोणाचे?

आम्ही थोडा वेळ गप्प राहिलो आणि मग त्याला म्हणालो, “बाळ, खोटा आकडा त्या अटीच्या अंगाला लागत नाही. अट जशीच्या तशी उभी राहते. तो लागतो तुझ्यासारख्याच दुसऱ्या मुलाला. परतूरला किंवा मंठ्याला आज रात्री असाच एक जण बसला असेल. त्याचेही ५७ असतील. त्याने ५७ लिहिले, तर तुझ्या ६३ ने तू संस्थेला फसवण्याआधी त्याला फसवशील.” अन्याय्य नियमाविरुद्ध लढता येते, अर्ज-विनंत्या करता येतात, आवाज उठवता येतो; पण खोटा आकडा हा लढा नव्हे. तो अन्याय तसाच ठेवून त्याचे ओझे शेजाऱ्याच्या खांद्यावर सरकवणे आहे.

आपल्या राज्याने याचा कडू अनुभव घेतला आहे. शिक्षक पात्रता परीक्षेतील गुणांच्या फेरफाराचे प्रकरण २०२१ साली उघडकीस आले आणि पुढील वर्षी महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेने ७ हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई केली. त्यांची चर्चा झाली. परंतु ज्यांनी प्रामाणिकपणे पेपर लिहिला, थोडक्यात नापास झाले आणि मुकाट्याने घरी बसले, त्यांची नावे कोणत्याही वर्तमानपत्रात आली नाहीत. असत्याचा खरा बळी बहुधा अनामिकच असतो.

आमचा जालना जिल्हा बियाण्यांसाठी देशभर ओळखला जातो. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली येथेच महिको ही बियाणे कंपनी सुरू केली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यामुळे बियाण्याच्या पिशवीवरची चिठ्ठी आमच्या शेतकऱ्याला वाचता येते. पीक कोणते, वाण कोणते, शुद्धता किती, उगवण किती, चाचणी कधी झाली, हे सारे तीवर असते. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याला किमान ७० टक्के उगवण पुरते. म्हणजे शंभरातले तीस दाणे उगवणार नाहीत हे गृहीत धरूनही ते बियाणे चांगलेच समजले जाते. घरचे बियाणे असेल आणि उगवण त्याहून कमी भरली, तर शेतकरी ते उकिरड्यावर फेकत नाही. एकरी थोडे जास्त पेरतो. आकडा कमी असला तरी खरा असेल तर त्यावर शेती करता येते. आकडा मोठा आणि खोटा असेल, तर काय होते ते मराठवाड्याने २०२० च्या खरिपात पाहिले. त्या वर्षी सोयाबीन उगवले नाही अशा तक्रारी गावोगावहून आल्या. पाऊस गेला, पेरणी गेली, दुबार पेरणीचे कर्ज डोक्यावर बसले. गुणपत्रिका हीही एक चिठ्ठीच आहे. ती वाचून कोणीतरी आपले काम, आपली मुले किंवा आपला पैसा आपल्या हाती सोपवणार असतो.

हे आम्ही उंच आसनावरून सांगत आहोत असे कोणी समजू नये. काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या व्यवस्थापनाने एका तरुणाविषयी आमच्याकडे शिफारसपत्र मागितले होते. मुलगा सालस होता, घरची स्थिती हलाखीची होती. गणितात तो कच्चा आहे हे आम्हांस ठाऊक होते, आणि जागा गणिताच्या शिक्षकाची होती. आम्ही लिहिले, ‘आपल्या विषयात निपुण.’ एका शब्दाने काय होते, असे वाटले. वर्षभर त्या वर्गातील मुलांचे काय झाले आणि अखेरीस तो तरुणही किती खजील होऊन बाहेर पडला, हे आम्ही पाहिले. आमच्या दयेची किंमत आम्ही दिली नाही. ती त्या मुलांनी दिली. पुढे पापनिवेदनात आम्ही तो शब्द उच्चारला, परंतु त्या वर्गाचे वर्ष काही परत देता आले नाही.

आता दुसऱ्या दोषाविषयी, कारण आमच्या लोकांत बढाईपेक्षा तोच अधिक आढळतो. त्या मुलाचा अर्ज आम्ही पुन्हा वाचला. ‘कामाचा अनुभव’ या रकान्यात त्याने ‘काही नाही’ असे लिहिले होते. आम्ही विचारले, “फडावर असताना टोळीचा हिशेब कोण ठेवत होते?” तो म्हणाला, “मीच. मुकादमाची उचल, रोजचं टनेज, प्रत्येक कोयत्याचं येणं-देणं. वहीत लिहायचो.” तीन हंगाम या मुलाने बारा कोयत्यांच्या टोळीचा हिशेब ठेवला होता, शेवटी कारखान्याच्या पावत्यांशी तो जुळवला होता, आणि वाणिज्याचा हा पदवीधर अर्जात लिहितो, ‘काही नाही’! पहिल्या चौकटीत सहा वाढवण्याचा मोह आणि दुसऱ्या चौकटीत सारे पुसून टाकण्याची सवय, दोन्हींचे मूळ एकच, ते म्हणजे लाज. आपले खरे जगणे कोणाला मोलाचे वाटणार नाही अशी आपली पक्की समजूत. प्रभू येशूने दिवा मापाखाली ठेवू नये असे सांगितले. तो दिवा शहरी शिकवणीचाच असावा अशी अट त्याने घातलेली नाही.

तेव्हा खरेपणा आणि परिणामकारकता यांत भांडण आहे ही समजूत सोडून द्यावी. गुणांपुढे त्यांचे माप लिहावे : ‘दहापैकी ६.३’. टक्केवारी मागितली असेल तर विद्यापीठाच्या सूत्राने काढावी आणि त्याचा दाखला वेळेवर मिळवून ठेवावा. अपूर्णांक वर ढकलू नये. निकाल लागायचा असेल तर ‘निकाल प्रतीक्षेत’ असेच लिहावे. एखादे सत्र कोसळले आणि पुढची सत्रे चढत गेली असतील, तर सत्रवार गुण द्यावेत आणि कारण एका ओळीत सांगावे. त्या ओळीत रडगाणे नसावे, घडलेले तेवढे असावे. आणि ज्या कामाने आपले हात घडले ते काम, मग ते ऊसतोडीचे असो, मोंढ्यातले असो की दुकानातले, त्याच्या खऱ्या नावाने लिहावे. आता गुणपत्रिका डिजिलॉकरसारख्या शासकीय व्यवस्थेतून थेट पडताळता येते, म्हणून खोटे टिकत नाही हे खरे. पण पकडले जाण्याच्या भीतीने जो खरे लिहितो, तो भीती संपताच लेखणी बदलतो.

दोन शब्द निवड करणाऱ्यांसाठीही. आपल्यापैकी काहींची दुकाने आहेत, कारखाने आहेत. आम्ही धर्मगुरू शाळा चालवतो. साठाची अट घालणे सोपे असते, कारण तिने अर्जांचा ढीग निम्मा होतो. परंतु जो दरवाजा माणूस न पाहता आकडा पाहतो, तो आकडे फुगवण्याचे आमंत्रण दारावरच टांगून ठेवतो. उमेदवारांकडून सत्य हवे असेल, तर सत्य ऐकून घेण्याची सवड आपण ठेवली पाहिजे. खऱ्या ५७ ला आत बोलावून एक प्रश्न विचारण्याचे औदार्य आपल्या संस्थांत किती आहे, हे आम्ही प्रथम स्वतःला विचारतो.

त्या रात्री साडेअकरा वाजता मुलाने विद्यापीठाच्या सूत्राने आलेला आकडा चौकटीत भरला. पडद्यावर लगेच लाल अक्षरे उमटली. अर्ज पुढे गेलाच नाही. एवढ्या वेळ बोलून आम्ही त्याला दिले काय, असा प्रश्न त्याच्या आईच्या चेहऱ्यावर होता, आणि तो योग्यच होता. सत्याचे बक्षीस म्हणून पुढे त्याला याहून मोठी नोकरी लागली, असे सांगून हा लेख गोड करण्याचा आमचा विचार नाही. सध्या तो जालन्यात एका भुसार व्यापाऱ्याकडे हिशेब लिहितो. पगार बेताचा आहे. त्या जागेसाठी दिलेल्या अर्जात ६.३ होते, तिसरे सत्र होते आणि टोळीची वहीही होती. व्यापाऱ्याने म्हणे गुणपत्रिका बाजूला ठेवून ती वहीच मागितली.

ती वही आम्हीही पाहिली आहे. पहिल्याच पानावर एक बेरीज चुकलेली आहे. ती खोडून शेजारी बरोबर बेरीज लिहिलेली आहे. चुकलेली बेरीजही खोडाखाली अजून वाचता येते.